खोक्यावरचं वय

खेळण्यांच्या कारखान्यात प्रत्येकाला काही ना काही काम असतं. कुणी बाहुल्यांना डोळे बसवतं, कुणी गाड्यांना चाकं लावतं आणि कुणी या दोघांच्या कामात चुका काढतं. वयकाकांचं काम यातलं कुठलंच नव्हतं. ते खोक्यावर वय लिहायचे.

'वय वर्षे ३ ते ५' असं आपण वाचतो आणि खोकं फाडून टाकतो. ते कुणीतरी ठरवलेलं असतं, हे आपल्या गावीही नसतं. या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यावरचं वय वयकाकांनी ठरवलेलं होतं. म्हणून सगळे त्यांना वयकाका म्हणत आणि त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. सवय अशी जडली होती की, माणूस दिसला की त्याच्यावर काय छापावं हे काकांच्या मनात आपोआप यायचं. व्याह्यांना पाहिलं की 'जोरात दाबू नये, आवाज होतो.' धाकट्या मालकांना पाहिलं की 'मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावे.' हे ते बोलून दाखवत नसत. नोकरी इतकी वर्षं टिकली ती उगाच नाही.

वय ठरवायची पद्धत सोपी होती. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक गालिच्याची खोली होती. तिथे कामगारांची, शेजारपाजारची मुलं त्यांच्या आयांसकट बोलवायची, मधोमध नवं खेळणं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. खोलीच्या एका भिंतीत मोठा आरसा होता. मुलांच्या दृष्टीने आरसा. पण त्याच्यामागे एक चिंचोळी अंधारी खोली होती आणि तिथून पाहणाऱ्याला तीच खिडकी. वयकाका तिथे खुर्ची टाकून बसत. नियम एकच होता: अंधाऱ्या खोलीतला दिवा लावायचा नाही. दिवा लागला की आरशाची नुसती काच होते, पलीकडून काका दिसतात आणि मोठं माणूस बघतंय हे एकदा कळलं की मूल खेळायचं थांबतं आणि खेळून दाखवायला लागतं.

"खेळणं वेगळं आणि खेळून दाखवणं वेगळं," काका नव्या माणसाला बजावत. "खेळून दाखवण्याला वय नसतं. त्यात तर माणसं निवृत्त होतात."

आता ते स्वतःच निवृत्त होणार होते. शनिवारी शेवटची चाचणी होती आणि या शेवटच्या चाचणीबद्दल त्यांची एकच इच्छा होती. ठकीने यावं.

ठकी म्हणजे लेकीची लेक. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखे रंगवल्यागत काळे डोळे होते, म्हणून काकांनीच तिला ठकी केलं. या आरशासमोर इतक्या मुलांची वयं ठरली, पण पहिल्या दातापासून पहिल्या पुटकुळीपर्यंत सलग कुणी मोठं झालं असेल तर ती ठकी.

सातव्या महिन्यात खुळखुळ्यावर रुमाल टाकला की तिच्या लेखी खुळखुळा या जगातूनच गेलेला असे. ती शांतपणे स्वतःच्या पायाचा अंगठा चोखायला घेई. नवव्या महिन्यात तिने तोच रुमाल ओढला, खुळखुळा सापडला आणि चोर पकडल्यासारखी आरशाच्या दिशेने बघून हसली. मग रांगत आरशापाशी गेली, आतल्या बाळाच्या नाकाला नाक लावलं आणि काचेवर लाळेचा एक गोल ठेवून आली. काकांनी तो गोल झाडूवालीला दोन दिवस पुसू दिला नाही.

दीड वर्षाची असताना तिच्या नाकाला लाल रंग लागला. इतके दिवस ती असलं काही दिसलं की आरशातल्या बाळाचं नाक पुसायला जायची. त्या दिवशी तिने हात स्वतःच्या नाकाला लावला. काका अंधारात खुर्चीवरून उठून उभे राहिले. आत बसलेल्या आयांना वाटलं, मागे काहीतरी पडलं.

दोन वर्षांची झाली आणि तिला दोन शब्द पुरायला लागले: 'माझं' आणि 'नाही'. बिस्कीट हवं का विचारलं तर 'नाही' म्हणायची आणि घ्यायची. चौथ्या वर्षी आरशातली मुलगी तिची मैत्रीण झाली आणि घरातल्या यच्चयावत फुटलेल्या वस्तू त्या मैत्रिणीने फोडलेल्या निघाल्या. सातव्या वर्षी ती कायद्याची माणूस झाली. प्रत्येक खेळाला नियम, प्रत्येक नियमाला पोटनियम आणि हरायची वेळ आली की दुरुस्ती. त्याच वर्षी आजोबा कुठे बसतात हेही तिने ताडलं. भर चाचणीत आरशावर टकटक करून ती ओरडली, "आजोबा, हा रडीचा डाव खेळतोय, तुम्ही बघितलंय ना!" काकांनी श्वास रोखला. चाचणी रद्द झाली.

अकराव्या वर्षी तिने तीन मैत्रिणींची गुप्त मंडळी काढली. तिची गुप्त भाषा इतकी गुप्त होती की, त्या तिघींनाही ती नीट येत नसे. आणि बाराव्या वर्षी एक दिवस ती आरशापाशी आली, काकांच्या अगदी नाकासमोर, खेळण्याकडे पाठ करून. केस डावीकडे घेतले. उजवीकडे घेतले. परत डावीकडे. काकांनी त्या दिवशी खेळण्याचं वय लिहिलंच नाही. त्यांना कळलं, आरसा आता आरसा झाला.

त्यानंतर ठकी आलीच नाही. आता चौदावं सरलं होतं. पाय बांबूसारखे वाढले होते आणि ती स्वतःच त्यांना अडखळायची. सुट्टीच्या दिवशी सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नसे. "काय चाललंय?" या प्रश्नाला "काही नाही" आणि "काय झालं?" या प्रश्नालाही "काही नाही" हेच उत्तर होतं.

बुधवारी संध्याकाळी काका लेकीकडे गेले. ठकी कोचावर आडवी, कानात बोंडं, हातात फोन.

"ठकी, शनिवारी..."

"आजोबा! ठकी म्हणायचं नाही असं ठरलंय ना."

"कुणाचं ठरलंय?"

"माझं."

'माझं' हा शब्द काकांना ओळखीचा वाटला.

"बरं बाईसाहेब, शनिवारी माझी शेवटची चाचणी आहे. म्हटलं, तू आलीस तर..."

"मी? त्या खोलीत? बाळांबरोबर?" ती उठून बसली. "आजोबा, मी काय लहान आहे? वर्गात कुणाला कळलं तर मला शाळा सोडावी लागेल."

"छे छे, नाही आलीस तरी काही नाही. मी आपलं सहज म्हटलं."

"सहज म्हणायला चार जिने चढून आलात?" ठकीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गुडघ्यांना व्यायाम," काका म्हणाले.

जिना उतरताना लेक मागोमाग आली. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. मी एवढी होते तेव्हा तुम्हीच आईला सांगत होतात, या वयात हे असंच असतं म्हणून."

"सांगत होतो," काका म्हणाले. "खोक्यावर लिहिणाऱ्याला त्या खेळण्याबरोबर घरी कुठे राहायचं असतं!"

शनिवारी धाकटे मालक भल्या सकाळी हजर. परदेशी शिकून आल्यापासून त्यांची झोप कमी झाली होती. त्यांनी स्वतः काढलेलं खेळणं म्हणजे एक किल्ला. त्यात दिवे होते, तो सात भाषांत बोलायचा आणि टाळी वाजवली की दार उघडायचा.

"काका, खोक्यावर लिहायचं: शून्य ते सोळा," धाकटे मालक म्हणाले. "एकच खेळणं, सगळी वयं! जन्मल्यावर घ्या, कॉलेजपर्यंत बघायला नको."

"मग त्यांना दुसरं खेळणं कधी विकायचं?"

हा विषय परदेशात शिकवलेला नसावा.

किल्ला ज्या खोक्यातून आला ते खोकं मोठ्या ट्रंकेएवढं होतं. हमालांनी किल्ला काढला आणि खोकं कोपऱ्यात ठेवलं. मुलं आत आली. काका आणि धाकटे मालक अंधाऱ्या खोलीत बसले.

हिशेबनिसांचं दहा महिन्यांचं बाळ किल्ल्यापाशी रांगत गेलं, बुरूज चाटला, तो सात भाषांत काहीतरी म्हणाला तसं भोकाड पसरलं. मग त्याला कोपऱ्यातल्या खोक्याचं फडफडणारं झाकण दिसलं. झाकण वर, झाकण खाली. खोक्याच्या आत कुणी नाही; रांगत शिरलं, तर आत आपण! बाळ खिदळलं. इतक्यात एक दोन वर्षांची बाई "माझं!" म्हणून खोक्यात शिरली. चार वर्षांचा एकजण तिला म्हणाला की हे जहाज आहे आणि तिकीट काढल्याशिवाय बसता येणार नाही. सात वर्षांच्या दोघांनी लगेच तिकिटाचे नियम केले, त्यावरून भांडले आणि त्यांतला एक कप्तान झाला. किल्ला मधोमध उभा राहून कुणी टाळी वाजवील म्हणून वाट पाहत होता.

"खोकं बाहेर काढा!" धाकटे मालक कुजबुजले. त्यांना घाम फुटला होता.

तेवढ्यात अंधाऱ्या खोलीचं दार करकरलं. ठकी आत आली. हातात डबा.

"आईने दिलाय," ती म्हणाली. "मी लगेच जाणारे."

काकांचा डबा सकाळीच पिशवीतून आलेला होता. तो त्यांनी पायाने हळूच खुर्चीखाली ढकलला.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "बसायचं तर बस. नाहीतर नको."

ती बसली. कानातली बोंडं काढली नाहीत. मग एक काढलं. मग दुसरं.

"ते बाळ झाकण उघडून बघतंय की आई अजून आहे का," ती हळूच म्हणाली. "दर वेळी आहे. तरी दर वेळी बघतंय."

"हं."

"आणि तो कप्तान आता हरणार आहे, म्हणून नियम बदलेल. बघा. बदलला!" ती स्वतःशीच हसली. "किती बावळट असतात ना लहान मुलं?"

"असतात खरी," काका म्हणाले. आवाज सरळ ठेवताना त्यांच्या नाकी नऊ आले. इतक्या वर्षांत काचेच्या या बाजूला त्यांच्याशेजारी बसून मुलांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. बाकी सगळे खेळण्याकडे पाहत.

"अरे, ही तर चौदाची आहे!" धाकट्या मालकांना एकदम सुचलं. "छान! बेटा, तू जा ना आत. किल्ल्याशी खेळून दाखव."

ठकीने त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं कुठल्याही खोक्यावर छापण्याजोगं नव्हतं. धाकटे मालक फोन आल्याचं सांगून बाहेर गेले.

दुपारी मुलं पांगली. किल्ल्याला 'वय वर्षे ४ ते ७' मिळालं आणि खाली काकांनी लिहिलं, 'खोक्यासह.' धाकटे मालक थोडे कुरकुरले, मग खोकं वेगळं विकता येईल का याचा विचार करत निघून गेले. ठकी म्हणाली, "मी निघते." काका म्हणाले, "सावकाश जा," आणि कार्यालयात जाऊन त्यांनी चाव्या सुपूर्द केल्या, हार घालून घेतला, चार गोड शब्द ऐकून घेतले.

परत आले ते खुर्चीवरची उशी न्यायला. उशी घरची होती.

अंधाऱ्या खोलीत शिरून उशी काखेत घेताना त्यांनी सवयीने काचेकडे बघितलं. गालिच्यावर कुणी नव्हतं. पण कोपऱ्यातलं खोकं हललं. त्यातून एक लांब पाय बाहेर आला, परत आत गेला; मग गुडघे, मग एक वेणी. पोरगी आतल्या आत घडी होऊन बसायचा प्रयत्न करत होती आणि ती जिथे मावत नव्हती, तिथे खोकं फुगत होतं. शेवटी एकदाची मावली. आतून झाकण वर झालं. झाकण खाली झालं.

काका उभे राहिले. आयुष्यभर बघितलं तसंच आताही बघता आलं असतं; तिला कधीच कळलं नसतं. पण ती आता काही चाचणीतलं मूल नव्हती. दुपारीच शेजारच्या खुर्चीवर बसून गेली होती. चोरून बघणं बरं नव्हे, आणि पाय न वाजवता निघून जावं तर तेही जमेना. शिवाय भीती होती, की दिसलो तर हिचं पुन्हा 'काही नाही' सुरू होईल, आणि या वेळी कायमचं.

त्यांनी हात वर केला आणि दिव्याचं बटण दाबलं.

आरशाची काच झाली. झाकण अर्धं वर होतं, त्यात दोन काळे डोळे. गळ्यात हार, काखेत उशी असे आजोबा पिवळ्या उजेडात उभे.

मग ठकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती खोक्यासकट पुढे सरकली, सरकत सरकत काचेपाशी आली. आता ओरडेल, काकांना वाटलं. तिने नाक काचेला दाबलं. चपटं झालं. काकांनीही वाकून, गुडघा धरून, आपलं नाक अलीकडून तिथेच टेकवलं.

"बघताय काय नुसते?" काचेपलीकडून आवाज आला. "इकडे या आणि झाकण लावा. मला आतून नीट लागत नाहीये."

काका गालिच्याच्या खोलीत गेले. झाकण लावलं. उघडलं. ती आत होती. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं; ती अजून आत होती आणि दोघांनाही त्याचं दर वेळी नवल वाटत होतं.

"कुणाला सांगायचं नाही हां," ठकी म्हणाली.

"कुणाला सांगणार? मी निवृत्त माणूस. पण खोकं वयाशिवाय बाहेर जात नाही, हा कारखान्याचा नियम आहे." त्यांनी खिशातलं जाड पेन काढलं आणि खोक्यावर आपलं शेवटचं वय लिहिलं:

'वय ९ महिने व पुढे. १४ वर्षांवरील मुलांनी आजूबाजूला कोणी नसताना वापरावे.'

झाकणातून एक हात बाहेर आला. तिने मान वाकडी करून वाचलं, पेन हिसकावून घेतलं आणि खाली आणखी एक ओळ जोडली:

'आजोबा चालतील.'

खोकं घरी न्यायला हातगाडी करावी लागली. ठकी गाडीच्या बरोबर वीस पावलं मागे चालत होती, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, या म्हाताऱ्याशी हिचा काही संबंध नाही. काका मान न वळवता चालले होते. या वयात हे असंच असतं.