मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मास्तरांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा. मित्रांनो, गाडी पळाली की कौतुक इंजिनाचे होते आणि थांबली नाही की शिव्या मला. माझ्यावर निबंध लिहायला कोणी सांगत नाही, म्हणून मीच बोलतो.

लोखंडी ड्रम आणि त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या, एवढाच माझा संसार. पाय दाबला की पट्ट्या ड्रमला आतून धरतात आणि चाक थांबते.

मास्तर लोकांना गाडी शिकवत. एकोणतीस वर्षे शिकाऊ पायांनी मला तुडवले. कोणी भिंतीवर निघाले, कोणी थेट गटारात. मी वेळेवर धरले नसते, तर त्यांतले निम्मे आज धडधाकट फिरत नसते. पास झाल्यावर ते मास्तरांचे आभार मानत, बॉनेटवर थाप मारत. चाकाशी वाकून माझी चौकशी करत ते फक्त मास्तर.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी घराच्या आवारात गाडी लावली आणि सवयीने हँडब्रेक करकचून ओढला. तीन वर्षे तो कोणी सोडला नाही. ओल शिरली, गंज चढला आणि माझ्या पट्ट्या ड्रमला चिकटल्या. पलीकडच्या चाकावरच्या माझ्या भावाचेही तेच झाले.

मग मुलाने नवी गाडी घेतली. ती बाहेर उन्हात उभी आणि आवारात आम्ही. एका दुपारी मास्तर झोपले असताना त्याने भंगारवाल्याला बोलावले. चौघांनी जोर लावला, पण गाडी तसूभर हलली नाही. चाके फिरू लागली की कळवा, असे सांगून तो गेला. त्या दिवशी मला माझ्या गंजाचा अभिमान वाटला.

रविवारी मुलाने जॅक लावला, चाक काढले आणि ड्रमवर हातोडी हाणू लागला. मी दाद दिली नाही. आवाज ऐकून मास्तर काठी टेकत आले. ब्रेक दुरुस्त करतोय, असे मुलाने सांगितले. मास्तरांचा चेहरा असा फुलला की सुनेने मान वळवली.

"हातोडी अशी मारू नकोस," मास्तर खाली बसत म्हणाले. "आधी हँडब्रेक सोड. मागच्या भोकातून पट्ट्या सैल कर. मग लाकूड मध्ये धरून चहूबाजूंनी हळूहळू ठोक."

शेवटी त्यांनी स्वतःच हात घातला. डोळ्यांना दिसत नव्हते, पण बोटांना सगळे पाठ होते. मुलापुढे मी हटलो नसतो, मित्रांनो. त्या हातांपुढे मात्र माझे काही चालले नाही. ड्रम निघाला. त्यांनी गंज घासला, पट्ट्या पुसल्या. दुसऱ्या बाजूलाही तेच केले.

"उद्या चौकापर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले. "तू चालव, मी नुसता शेजारी बसतो."

"बघू, बाबा," मुलगा म्हणाला.

सोमवारी सून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि तेवढ्यात ट्रक आला. या वेळी दोन माणसे पुरली. हे मी भंगाराच्या ढिगातून सांगतो आहे.

मित्रांनो, लोखंड आज ना उद्या वितळायचेच, त्याचा मला राग नाही. पण कोणाची वस्तू घालवायची असेल, तर त्याला तोंडावर सांगा. त्याच्याच हातून ती सोडवून घेऊन त्याच्या पाठीमागे घालवू नका. मास्तर आता घरी परतले असतील. चौकात जायचे म्हणून त्यांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता.