खाडी बंद असताना

त्या सकाळी बाबा आणि मी अळूच्या वाफ्यात होतो. रात्रभर पडलेल्या पावसाने चिखल पाय धरून ठेवत होता. बाबा कंद उपटत, मी मुळं छाटत होते. सुवा शहरातल्या शाळेत मी शिकवत असे, रजेवर आले होते.

गावचे सरदार वारल्यापासून खाडी बंद होती. काठावर झावळ्या बांधलेला खांब उभा होता. तो उतरेपर्यंत पाण्यात होडी घालायची नाही, मासा धरायचा नाही. राखण बाबांकडे.

शेजारचा विलिमोनी बांधावर येऊन बसला. "इसिकेलीदादा, कंद खाऊन खाऊन तोंड मातीचं झालं. एक मासा काढू द्या की. ल्हानगा."

"आज तू ल्हानगा काढशील, उद्या तुझी बायको मोठा मागंल."

"तिला कायबी मोठं दिलं तरी ल्हानच वाटतं."

बाबा हसले, पण म्हणाले, "न्हाई म्हंजे न्हाई. एकाला सोडलं की खांबाचं नुसतं लाकूड ऱ्हातं."

दुपारी ते वाफ्यातच कोसळले. अर्धं अंग लुळं पडलं. दवाखाना खाडीपलीकडे, समोर दिसणारा. विलिमोनीने होडी ओढली, तसं बाबांनी चालत्या हाताने खांब दाखवला आणि मान हलवली. गावातले वडीलधारे सायमोनी म्हणाले, "राखणदाराचाच शब्द हाय. होडी ऱ्हाऊ दे."

झोळी करून त्यांना डोंगरातून नेलं. खिंडीत बाबा गेले. मी झोळीचं टोक धरून चालत होते. पुढे बैठकीत कावा, म्हणजे मुळांचं पेय, पिताना जो तो बाबांचं नाव आदराने घेई. मी वाट्या भरत राहिले.

खांब उतरायच्या आधीच विलिमोनीची लेक मेरेओनी अडली. मूल आडवं होतं. तिला काठावर आणून निजवलं. ओरडायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"डोंगरातनं न्या," सायमोनी म्हणाले. "इसिकेलीनं जीव दिला, पर नेम मोडला न्हाई."

विलिमोनीने होडीच्या काठावर हात ठेवला होता. बाबांचं नाव ऐकून तो हात खाली आला.

आम्ही बायका मागे उभ्या होतो. मी पुढे झाले.

"पोरी, मागं हो," सायमोनी म्हणाले.

"बाबा चुकले," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "सरदारांच्या मानासाठी खाडी बंद केली. काठावर बाई मरू देऊन त्यांचा कसला मान ऱ्हातो? बाबांनी जीव दिला तो त्यांचा स्वतःचा. हिचा द्यायचा हक्क त्यांना नव्हता, तुम्हालाबी न्हाई. माझे बाबा चुकले, काका. होडी लोटा."