शिबिरातली लपाछपी

"...आठ, नौ, दस!" मी डोळ्यांवरचे हात काढले. मैदान रिकामं.

तिलवारा गावाच्या अलीकडे, सरहद्दीपलीकडून पळून आलेल्या कुटुंबांचं हे शिबिर. कागद नाहीत म्हणून पोरांना शाळा नाही. आठवड्यातून तीनदा मी आणि शेजारची यामिनी पाट्या आणि खेळ घेऊन येतो. एकतीस वर्षं अंगणवाडीत काढली मी. लपलेलं पोर शोधायला डोळे नाही, कान लागतात. खुसखुसल्याशिवाय पोराला राहवतच नाही.

इथं मात्र चिडीचूप. सोळा पोरं, आणि एकालाही हसू फुटलं नाही.

"इंदूकाकू, कोणीच दिसून नाही राहिलं," यामिनी कावरीबावरी झाली.

"घाबरतेस काहून? आत्ता येतील." मी जोरात हाक दिली, "चलो, मैं हार गई! निकलो बाहर! कोई कुछ नहीं करेगा!"

कोणी आलं नाही. उलट ताडपत्रीखाली दिसणारं एक पाऊल हळूच आत ओढलं गेलं.

तेवढ्यात सहा वर्षांच्या केसरची आई हंडा टाकून नळावरून धावत आली. "दीदी, ये मत बोलो! उधर वो लोग भी यही बोलके बच्चों को निकालते थे."

माझी जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं.

केसरची आई तंबूतंबूतून एकेकाचं नाव घेत फिरली. पंधरा पोरं बाहेर आली. केसर नाही. मग ती स्वतःच्या तंबूत शिरली आणि अंथरुणांआडच्या लोखंडी पेटीवर तुटून पडली. झाकण आपटून बाहेरची कडी अडकली होती. ती काढली तर आत केसर, घामानं निथळलेली, ओठ काळेनिळे, आवाज फुटू नये म्हणून स्वतःचं मनगट दातांत धरलेलं. माझ्या खेळापायी पोर गेली असती!

पाणी पिऊन, बऱ्याच वेळानं केसर माझ्याजवळ आली. "दीदी, अब तुम छुपो."

"मुझसे नहीं होगा, बेटा."

"मुश्किल नहीं है," तिनं मला समजावलं. "साँस नाक से लेना. और कोई नाम लेके बुलाए, तो भी मत निकलना. पहले आवाज पहचानना."

मी मान डोलावत ऐकत राहिले आणि पदरानं तिचं मनगट पुसत राहिले. दातांचे वळ काही जाईनात.