तीनशेच्या जागी तीनशे तीन

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी एक फूट, रुंदी दोन बोटं, एक कोपरा वाकलेला. आकडे अजून नीट वाचता येतात. पण तुमच्या दप्तरातल्या पट्टीशेजारी मला ठेवलंत, तर आमचं दोघींचं जमणार नाही. तिचे दहा सेंटिमीटर जिथं संपतात, तिथं माझे अजून संपलेले नसतात. माझ्यावर जिथं तीनशे मिलीमीटर लिहिलं आहे, तिथं खरे तीनशे तीन भरतात.

मला मुद्दाम असंच घडवलं आहे. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं की ते साचा भरून बसतं. मग थंड होता होता आकसतं, शंभराला एक या प्रमाणात. म्हणजे तीनशेची वस्तू हवी असेल तर साचा तीनशे तीनचा लागतो. वाळूत तो साचा उठवण्यासाठी आधी लाकडाची तशीच वस्तू करतात. तिला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न करणारा माणूस दर मापाला आकडेमोड करत बसला तर दिवस पुरायचा नाही. म्हणून त्याच्यासाठी आमच्यासारख्या पट्ट्या करतात. लोखंडाचं आकसणं आमच्या अंगात आधीच मोजून घातलेलं असतं.

मुंबईच्या एका कारखान्यात माझ्यावर रेघा कोरल्या. तेलकट कागदात गुंडाळून मी कोल्हापुरात आले आणि उद्यमनगरातल्या एका पॅटर्नच्या दुकानात पिराजी मिस्त्रींच्या हातात पडले. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, पाच-सहा वर्षं या कामात मुरलेले, राहायला शिवाजी पेठेत. त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीवहिनींनी, माझ्यासाठी खाकी कापडाची खोळ शिवली. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री मला तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि खोळीत घालून घरी न्यायचे. हत्यारं दुकानात ठेवायची, पट्टी घरी, असा त्यांचा नेम होता.

पंपांची झाकणं, इंजिनांची चाकं, उसाच्या चरकाचे भाग, सगळं मी मोजलं. लोखंड ओतणारे फौंड्रीवाले म्हणायचे, "मिस्त्रींचा पॅटर्न हाय न्हवं? मग मापाला बघू नका, लावा साच्याला." ही स्तुती त्यांची होती, पण मला वाटायचं थोडी आपलीही असेल.

एकदाच माझ्यावर ठपका आला. त्यांची मुलगी वर्षाराणी पाचवीत होती. स्वतःची पट्टी हरवली म्हणून तिनं गुपचूप मला दप्तरात घातलं. भूमितीच्या वहीत तिनं काढलेली प्रत्येक लांब रेघ केसभर जास्त भरली. बाईंनी पानभर लाल फुल्या मारल्या. घरी येऊन ती रडली. मिस्त्रींनी वही बघितली, मला बघितलं, आणि हसत सुटले. "आगं, तुझी आकृती ओतून आणली असतीस तर बाईंनी पैकीच्या पैकी दिलं असतं की!" दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले आणि सगळ्या वर्गाला माझी गोष्ट सांगून आले. त्या दिवसापुरती मी मोठी झाले.

मग काळ बदलला. कारखानदार कागदावरच्या चित्राऐवजी संगणकावरचं चित्र आणू लागले. त्या चित्रावरून यंत्र पॅटर्न कापून देई, तेही रात्रंदिवस. दुकानाचं काम आधी निम्मं झालं, मग पाव, आणि एका दिवाळीनंतर मालकांनी ते उघडलंच नाही. मिस्त्री तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते.

पुढचे चौदा महिने ते घरी होते. पाच ठिकाणी काम विचारायला गेले. पाचही ठिकाणी एकच प्रश्न: "कम्प्युटर येतो काय?" त्यांनी खरं ते सांगितलं आणि परत आले. सहाव्या ठिकाणी गेले नाहीत. गल्लीतल्या लोकांची मोडकी स्टुलं, देव्हाऱ्यांची दारं दुरुस्त करून देत. कुणी कोपऱ्यावरून हाक मारी, "काय मिस्त्री, आज बी सुट्टी?" ते हात हलवत आणि पुढं जात.

मी स्वयंपाकघरातल्या खणात पडून होते. कुणीतरी माझ्या कोपऱ्यानं तेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि मी वाकले. मिस्त्रींनी ते पाहिलं. पूर्वी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मात्र त्यांनी मला तसंच परत खणात सारलं. याचंच सरोजिनीवहिनींना जास्त लागलं.

वर्षाराणी तोवर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. एका रविवारी तिनं आपला लॅपटॉप वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"आप्पा, बसा. मी शिकवतो की तुमाला."

आमच्याकडच्या पोरी 'येतो, जातो' असंच बोलतात, मित्रांनो. त्यात काही चूक नाही.

"या वयात व्हय?"

"वय मी विचारलंय काय? हात हिकडं आणा."

मिस्त्रींनी माऊस लाकूड कोरायची पटाशी धरावी तसा धरला. टेबलाच्या कडेला पोचले की ते तो हवेत उचलून पुढं नेत आणि बाण जागचा हलला नाही म्हणून चिडत. चौकोन चुकला की पडद्याकडे बघत बसत. वर्षाराणीनं त्यांना केलेलं मागं घ्यायची कळ दाखवली.

"मागं जातंय?"

"जातंय."

"कितीबी येळा?"

"कितीबी."

त्या दुपारी त्यांनी एकच चौकोन कितीतरी वेळा काढला आणि कितीतरी वेळा मागं घेतला. लाकडात पटाशी एकदा जास्त बसली की बसली. तीस वर्षं ते त्याच धास्तीनं काम करत आले होते.

मग त्यांनी पाच महिने क्लास लावला. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणत आणि वर्तुळाचा मध्य कसा धरायचा ते त्यांनाच विचारत. क्लास संपला त्या आठवड्यात गोकुळ शिरगावच्या बाजूला एका छोट्या ऑफिसात त्यांना बोलावणं आलं. तिथं संगणकावर पॅटर्नची चित्रं करत आणि मागच्या शेडमध्ये यंत्रावर लाकडाच्या ठोकळ्यातून ते कापत. मालक सम्राट, तिशीचा इंजिनिअर, बोलायला तडक. म्हणाला, "मिस्त्री, एक महिना बघतो. जमलं तर ऱ्हावा, न्हाय तर राग मानायचा न्हाय."

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला खणातून काढलं, पुसलं, खोळीत घातलं. संगणकाच्या कामाला पट्टी कशाला, असं वहिनींनी विचारलं. त्यांनी खोळ डब्याच्या पिशवीत सरकवली. मी मॉनिटरच्या पायाशी जाऊन पडले.

तीन आठवडे त्यांनी इतरांच्या चित्रांतल्या किरकोळ दुरुस्त्या केल्या. चौथ्या आठवड्यात सम्राटनं एका पंपाच्या झाकणाचा कागद दिला. "हे तुमचं तुम्ही करा." पूर्ण काम, एकट्याचं, पहिलंच.

आणि इथं, मित्रांनो, चूक झाली. मी त्या चुकीत सामील होते.

कागदावर लांबी तीनशे लिहिली होती. तीस वर्षं ज्या माणसानं तीनशेचं लाकूड तीनशे तीन कापलं, त्याच्या बोटांना संगणकात तीनशे लिहवेना. त्यांनी मला साध्या पट्टीशेजारी ठेवलं. माझ्या तीनशेपुढं तिचे किती, ते बघून त्यांनी तीनशे तीन टाकलं. प्रत्येक माप असंच. आकसणं आपण नाही घातलं तर कोण घालणार? हे ओतकामातलं गुपित यंत्राला कुठून ठाऊक?

यंत्राला ठाऊक होतं. त्या ऑफिसात चित्र पुरं झालं की सम्राट शेवटी एक आकडा टाकत असे आणि संगणक सगळं चित्र शंभराला एकानं मोठं करत असे. तिथल्या मुलांना वाटलं, एवढ्या जुन्या माणसाला काय सांगायचं. म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. झाकण दोनदा वाढलं.

महिना संपायला चार दिवस होते. पॅटर्न कापून टेबलावर आला होता आणि दुपारी चारला फौंड्रीची गाडी येणार होती. मशीनवरचा माणूस चहाला गेला होता. मिस्त्रींनी सवयीनं मला पॅटर्नवर ठेवलं. माझा तीनशेचा आकडा कडेला टेकायला हवा होता. पॅटर्न माझ्यापुढं तीन मिलीमीटर उरला.

त्यांनी तीनदा मोजलं. मग स्टुलावर बसले. कड कानशीनं घासून घेता आली असती, कुणाला कळलंही नसतं. पण झाकणाला सहा भोकं होती, आणि दोन भोकांमधलं अंतर कानशीनं कमी होत नाही. दुसरा मार्ग गप्प बसण्याचा होता. ओतून, थंड होऊन, पंपावर बसवायला जाईपर्यंत दहा दिवस तरी गेले असते. तोवर महिना पुरा झाला असता, आणि चूक यंत्राच्या माथी मारायला जागाही होती. चौदा महिने घरी बसलेल्या माणसाला हे सुचलं नसेल, असं मी म्हणणार नाही. माझ्यावर ठेवलेला त्यांचा अंगठा बराच वेळ तसाच होता.

मग ते मला घेऊन उठले आणि सम्राटच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, झाकण पाठवू नका. तीन मिलीमीटर जास्त हाय."

"मशीन हाललं काय?"

"मशीननं सांगितलं तेवढंच कापलं. मी वाढवून सांगितलं. मला वाटलं, आकसण्याचं माप मीच घालायचं असतंय."

सम्राटनं पेन टेबलावर टाकलं. "मिस्त्री! अख्खा ठोकळा वाया घालवलासा. आवो, पहिल्या वर्षाचं पोरगं बी ही चूक करणार न्हाय!"

"करणारच न्हाय, साहेब. लोखंड आकसतंय हे त्याला कुठं ठावं असतंय?"

हे ते उद्धटपणानं बोलले नाहीत. खरंच तसं वाटलं म्हणून बोलले. पलीकडची दोन मुलं खाली मान घालून हसली. सम्राटला हसू आलं नाही. पण त्यानं हात पुढं केला.

"कशानं मोजलासा? बघू."

त्यानं मला आपल्या पट्टीशेजारी ठेवलं. तो रोज शंभराला एक वाढवत होता, पण तो वाढीव भाग बोटाखाली कसा लागतो हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो माझ्यावरचे आकडे एकेक करून वाचत गेला.

"ही तर खोटीच हाय की."

"साध्या पट्टीवरनं बघितलं तर हाय. पॅटर्नवर ठिवून बघा, चूक लगेच सापडतीया."

सम्राटनं फौंड्रीला फोन करून दोन दिवस मागून घेतले. मग मिस्त्रींना म्हणाला, "नवा ठोकळा लावा. कागदावरचे आकडे हायत तसे टाका. एक जरी वाढवला तरी मी हाय आणि तुमी हाय." महिन्याबद्दल तो काही बोलला नाही. झाकण दुसऱ्यांदा बरोबर आलं. त्यानं ते गाडीत चढवायला लावलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री घरी आले तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय म्हणालं साहेब?"

"काय म्हणालं न्हाईत."

"नको म्हणालं काय?"

"न्हाय."

"मग डबा भरतो उद्या."

दुसऱ्या दिवशी ते गेले. टेबलावर कापून आलेले तीन पॅटर्न मांडून ठेवलेले होते, कुणाकुणाच्या चित्रांचे. सम्राट संगणकावरून मान न वळवता म्हणाला, "मिस्त्री, आधी ते तीन तुमच्या पट्टीनं तपासा. तुमी बघितल्याबिगर हितनं काय जाणार न्हाय." तेव्हा मिस्त्रींना कळलं की आपल्याला नोकरी लागली आहे.

सात वर्षं त्यांनी तिथं काम केलं. सकाळी संगणकावर चित्रं, दुपारी माझ्याबरोबर तपासणी. गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी, ते कामावर आले नाहीत. हृदय बंद पडलं, असं सांगणारा फोन आला. ते एकोणसाठ वर्षांचे होते.

महिन्याभरानं वर्षाराणी त्यांच्या वस्तू न्यायला ऑफिसात आली. सम्राटनं चष्मा, डबा आणि एक वही पिशवीत घालून दिली. मला टेबलावर ठेवून तो थांबला.

"ही तुमचीच हाय. पण… ठिवू का आमी?"

"रोज लागती?"

"रोज."

तिनं मला उचललं. ओढणीच्या टोकानं दोन्ही बाजू पुसल्या, वाकडा कोपरासुद्धा. खोळ तिनं नेली, मला पॅटर्नशेजारी ठेवलं. जाताना तिनं एवढंच सांगितलं की पुसल्यावर तेलाचा हात फिरवायचा, पाण्याचा नाही.

तर मित्रांनो, हत्यारं कोरडी ठेवा, आणि ती कशासाठी आहेत हे कळल्याशिवाय त्यांना चुकीची म्हणू नका. दुसरं सांगणं माणसांबद्दल आहे. तुमच्या घरात कुणी बरेच दिवस कामाविना बसलं असेल, तर 'आता काय करणार?' असं रोज विचारू नका. 'तुम्हाला काय काय येतं ते सांगा,' असं म्हणून एकदा त्यांच्यापाशी बसा. आधी ते म्हणतील, काही येत नाही. तरी उठू नका.