पिवळ्याचा आडोसा

"अहो, धावा! मारून टाकेल तो त्याला!"

गॅसवरचं दूध तसंच सोडून काचवाले बाहेरच्या खोलीत धावले. त्यांना वाटलं, बायको पुन्हा पडली. पण ती पलंगावरच होती. उशीवर कोपर रोवून अर्धी उठलेली, आणि बोट समोरच्या फिशटँककडे.

टँकमध्ये निळा नर हात धुऊन पिवळ्या नराच्या मागे लागला होता. पिवळ्याची शेपूट चिंध्या झाली होती. तो फिल्टरच्या नळीमागे उभाच्या उभा लपायला बघत होता आणि निळा त्याला तिथूनही हुसकून काढत होता.

"अगं, मला वाटलं तू पडलीस!"

"एकदा पडले तेवढं पुरे. आधी त्याला सोडवा!"

काचवाल्यांनी जाळी खुपसून निळ्याला कोपऱ्यात दाबून धरलं. बाही कोपरापर्यंत भिजली, आत दूध उतू गेलं. तरी ते मनातून हरखले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले, त्यात बायकोचा आवाज असा चढलेला त्यांनी ऐकलाच नव्हता.

हाड सांधलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता चालवा. पण तिने जणू चालण्याचा विषयच मिटवून टाकला होता. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी जाताना दारात हळूच सांगायची, "काकू पाय हलवतात हो, पण उभं राहा म्हटलं की डोळे गच्च मिटून घेतात." लांब राहणाऱ्या लेकीने शेवटी पलंगाच्या पायथ्याशी हा टँक मांडून दिला होता. आईला तेवढीच सोबत.

आता त्या सोबत्यांचीच जुंपली होती.

काचवाले टँकचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "दोन्ही नर निघाले का? पिल्लं असताना कळत नाही. एक आणून द्या, मी ठेवून घेतो."

घरी येऊन त्यांनी तसं सांगितलं.

"कोणता देणार?" बायकोने विचारलं.

"निळा. मारकुटा आहे."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरी मारामारी करायला पाठवणार? आणि पिवळ्याला दिलंत, तर मार खाल्ला म्हणून घराबाहेर. कोणी जायचं नाही."

काचवाल्यांनी डोकं खाजवलं. छत्तीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या काचा घासण्यात घालवली होती. त्यांना दुसरा उपाय सुचणार तरी कुठून? मापाने काच कापली, कडा बोट फिरवून फिरवून गुळगुळीत केल्या, आणि टँकच्या मधोमध बसवली. निळा इकडे, पिवळा तिकडे. काम इतकं बेमालूम झालं की ते स्वतःवरच खूश झाले.

निळा मात्र दोन दिवस त्या काचेला धडका देत राहिला. त्याचं तोंड सुजलं. पिवळा पलीकडे असूनही भेदरून तळाशी बसला, खाईना.

"भिंत घातलीत खरी," बायको म्हणाली, "पण त्याला दिसतंय ना आरपार!"

मासेवाला हे ऐकून हसला. "काका, निळ्याने अख्खा टँक आपल्या नावावर करून घेतलाय. चार दिवस त्याला बादलीत ठेवा, हवेची नळी सोडून. तोवर टँकमधले सगळे दगड, झाडं इकडची तिकडे करा. परत आला की त्याला घर परकं वाटलं पाहिजे. आणि दोघं सारखे एकमेकांच्या नजरेत यायला नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाल्यांनी काच उपसून काढली, निळ्याला बादलीत हलवलं आणि टँकच्या मागे उभं राहून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हुकूम पलंगावरून सुटत होते.

"तो चपटा दगड उभा करा. पिवळा त्या दगडाच्या अलीकडे आला की निळा उठायचा. झाडामागे असला की विसरायचा त्याला. डावीकडे घ्या अजून. तुमच्या नाही हो, माझ्या डावीकडे!"

"तुला कसं ठाऊक एवढं?"

"बघत होते ना दिवसभर. जन्मभर लोकांना दिसावं म्हणून काचा घासल्यात, आता एकाला दिसू नये म्हणून जरा खपा."

काचवाले हसले ते इतके, की पाणी फरशीवर सांडलं. मग फरशी पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "मी कामावर असताना तू काय करायचीस गं दिवसभर?"

"बघायचे." ती खिडकीकडे वळली. मग तिने सांगायला सुरुवात केली. समोरचा शिंपी गिऱ्हाईक नसलं की मशीनवर डोकं टेकून झोपायचा. कोपऱ्यावरच्या दोन जावा भांडून एकाच नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या, पण एकीला ताप आला की दुसरीच उशाशी बसायची. काचवाले तीस वर्षं त्याच गल्लीत राहत होते. त्यांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. सकाळी डबा घेऊन जायचं, दिवेलागणीला परत यायचं, जेवताना 'मीठ दे' म्हणायचं. ते ओलं फडकं हातात धरून तसेच जमिनीवर बसून ऐकत राहिले. हे ऐकायला मिळायला हिचं हाड मोडावं लागलं, असं मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण ऐकायला मिळालं, याचं समाधान काही केल्या लपेना.

चौथ्या दिवशी टँकचा दिवा मालवून त्यांनी निळ्याला आत सोडलं. दुपारी दिवा लावला. निळा पाहुण्यासारखा अंग चोरून फिरत होता. शेवटी त्याने उजवीकडची कपार धरली. पिवळा झाडाबाहेर डोकावला तसा अंगावर धावून गेलाही, पण उभ्या दगडापाशी थबकला आणि माघारी वळला. खाणं आता दोन टोकांना पडू लागलं. भांडण पुरतं मिटलं नव्हतं. मार तेवढा थांबला होता.

फक्त एक झालं. दगडाआडचा पिवळा निळ्याला दिसेना, तसा पलंगावरूनही दिसेना.

"आहे ना तो?"

"आहे."

"खातोय?"

"खातोय."

"शेपूट भरून येतेय?"

काचवाले वाकून बघायचे. "येतेय, असं वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? तुम्हाला धड बघता म्हणून येत नाही."

असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी त्यांनी खाणं टाकलं आणि मागून आवाज आला, "मला उठवा."

"थांब, व्यायामवाली मुलगी चारला येईल. ती असताना..."

"तोवर तो खाऊन आत जाईल. हात द्या."

त्यांनी हात दिला. ती काठावर बसली, दम घेतला. पाय जमिनीला लागले तसे तिचे ओठ पांढरे झाले, पण डोळे उघडे होते, टँककडे लागलेले. मग ती उभी राहिली. एक पाऊल. बरंच थांबून दुसरं. तिसऱ्याला तिने सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकला आणि टँकच्या डाव्या बाजूने आत डोकावली.

"अगंबाई," ती पुटपुटली. "नवी कड फुटलीय शेपटीला. पातळ आहे अजून, कांद्याच्या पापुद्र्यासारखी."

काचवाले जिथे उभे होते तिथून त्यांना दगडाची पाठ तेवढी दिसत होती. खांदा भरून आला होता.

"तुम्हाला उभं राहवतंय ना?" तिने विचारलं.

"बघ तू," ते म्हणाले. "सावकाश बघ." आणि त्यांनी आपले पाय फरशीवर जरा आणखी फाकवून रोवले.