बिनवासाची

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. काचेचा जन्म मोठा वाईट. पोटात काय आहे ते सगळ्यांना दिसतं आणि तोंड लपवायची सोय नाही.

जर्मनीतल्या एका कारखान्यात माझ्या पोटात कोबीचे तुकडे, साखर, व्हिनेगर आणि नावापुरतं तिखट भरलं. झाकण घट्ट लावून मला उकळत्या पाण्यातून काढलं. मग अंगावर चिठ्ठी चिकटवली : 'अस्सल कोरियन किमची. सौम्य. बिनवासाची.' सुपरमार्केटच्या फळीवर मी काय ऐटीत उभी होते म्हणून सांगू! येणारेजाणारे मला हातात घेऊन कौतुकाने बघत. सारा कोरिया आपल्याच पोटात आहे, असं मला वाटे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी उन-जूने मला उचललं. तिचे आईवडील तरुणपणी कोरियातून इथे आले, वडील खाणीत आणि आई इस्पितळात नर्स म्हणून. आई ओक-बुन दर हिवाळ्यात घरी मोठा रांजण भरून किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालायची. त्या वर्षी मात्र संधिवाताने तिची बोटं वाकली होती. आणि वडील हक-सू यांना किमचीशिवाय घास उतरत नव्हता. दिवसेंदिवस ते वाळत चालले होते.

"आई, बघ! आता आपली किमची मोठ्या दुकानात मिळते," असं म्हणून उन-जूने मला टेबलावर ठेवलं आणि ती कामावर पळाली.

ओक-बुनने एक तुकडा चाखला. मग म्हणाली, "कच्ची आहे हो अजून. आंबली की येईल चव."

तिने मला फडक्यात गुंडाळून हीटरजवळ ठेवलं. रोज सकाळी ती झाकण उघडायची, वास घ्यायची, पुन्हा लावायची.

"फसफसली का?" हक-सू पलंगावरून विचारायचे.

"आज नाही."

"नुसती नटून बसली आहे भवानी! पिकायचं नाव नको."

"गप्प बसा हो. लेकीने प्रेमाने आणली आहे. थंडीत वेळ लागतोच."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आंबायला माझ्यात जिवंत काही उरलंच नव्हतं. ती बिचारी आशेने बघायची आणि हक-सू पाण्यात भात कालवून दोन घास कसेबसे गिळायचे.

शनिवारी उन-जू आली. "हे काय, ही अजून तशीच?"

"आंबते आहे गं."

उन-जूने मला फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. तिचा चेहराच उतरला. "आई, ही नाही आंबणार. ही उकळलेली आहे."

"उकळली? किमची कुणी उकळतं का?"

"आंबू नये म्हणून उकळतात. वास येऊ नये म्हणून."

"वासाची एवढी भीती कुणाला?" हक-सू म्हणाले.

तिघांनाही तो जुना दिवस आठवला. शाळेच्या मैत्रिणी घरी येणार म्हणून छोट्या उन-जूने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. किमचीचा रांजण तेव्हा तळघरात गेला, तो परत वर आलाच नाही. इतकी वर्षं ओक-बुन जेवणापुरती किमची आणायला जिने उतरत-चढत होती.

"दुकानात दुसरी पण होती, आई. चांगली, आंबलेली. पण ट्राममध्ये वास येईल, लोक वळून बघतील, म्हणून मी मुद्दाम ही घेतली."

"असू दे गं. लहान होतीस तू."

"मंगळवारी लहान नव्हते, आई."

माझ्या अंगावरची 'बिनवासाची' ही अक्षरं मला डागणीसारखी जाळत होती. ज्या अक्षरांची मी फळीवर शेखी मिरवली, ती तर या पोरीची लाज होती.

त्याच दुपारी उन-जूने कोबी आणले आणि बाह्या वर केल्या. "मीठ किती घालू?"

"हाताला कळतं गं."

"माझ्या हाताला नाही कळत!" ती रडायलाच लागली. ओक-बुनने आपला वाकडा हात तिच्या हातावर ठेवला खरा, पण त्या बोटांना आता मीठ चिमटीत धरवत नव्हतं.

मित्रांनो, दुकानं तुमच्या घरचं खाणं त्यांना झेपेल तसं विकणारच. पण घरातले हात चालते आहेत तोवर त्यांच्याशेजारी उभे राहा. ओक-बुन आता रोज शिकवते, मन लावून शिकवते. मात्र तिच्या हातांना जे कळायचं, त्यातलं बरंचसं तिला तोंडाने सांगता येत नाही.