उर्फ मालोजी

जनाबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या पंगतीत, तेही बायकांनी पार पिच्छा पुरवल्यावर. त्यानंतर त्या 'हे' म्हणत आणि माणूस गेल्यावर 'ते' म्हणू लागल्या. 'ते' म्हणजे मालोजी रायाजी कदम, होळकरांच्या रिसाल्यातले दफेदार. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे पोलोग्राउंडमागच्या त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. पण त्यापायी पोटचा पोरगा तीन दिवस कोठडीत गेला आणि तो का गेला हे एकट्या जनाबाईंनाच ठाऊक होतं.

झालं असं की अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात, एका रविवारी भरदुपारी, दारात एक हवालदार आणि दोन शिपाई येऊन उभे राहिले. हवालदाराच्या हातात देवासच्या कोर्टाचं वॉरंट होतं. कुण्या मालोजी कदमने तांब्याची तार चोरून पोबारा केला होता. इकडे दारावरच्या पाटीवर नाव होतं मालोजी रायाजी कदम, कारण माणूस गेला म्हणून पाटी काढायला जनाबाईंचा हात धजावला नव्हता. हवालदाराला आणखी काय हवं होतं? त्याने दारात तांदूळ निवडत बसलेल्या जनाबाईंना विचारलं, "मालोजी किधर है?"

जनाबाई गडबडल्या. नाव तर घेता येईना. त्यांनी मुकाट्याने हात वर केला आणि आतल्या भिंतीकडे दाखवलं. तिथे साफा बांधलेल्या दफेदारांचा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार होता. ते नऊ वर्षांपूर्वी वारले, हे वाक्य त्यांच्या ओठांवर येईपर्यंत हवालदार त्यांना ओलांडून आत गेलासुद्धा. आणि फोटोच्या बरोबर खाली पाटावर त्यांचा मुलगा संताजी जेवत बसला होता.

दोरीने हात बांधून संताजीला ठाण्यात नेलं आणि नाव विचारलं. मराठी माणूस सांगतो तसं त्याने सांगितलं, "संताजी मालोजी कदम." हवालदाराच्या मुलखात बापाचं नाव असं मधोमध बसवायची रीत नव्हती. मध्ये 'अमक्याचा मुलगा' सांगणारं 'वल्द' नाही, काही नाही, एका माणसाला दोन नावं, म्हणजे एक खरं आणि दुसरं चोरीचं, असा त्याने हिशेब केला आणि रजिस्टरात लिहिलं, 'संताजी उर्फ मालोजी कदम'. अहो, ते माझ्या वडलांचं नाव आहे, असं संताजी घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. हवालदार म्हणाला, सब यही बोलते हैं.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी कागद पाहिला. कागदावर 'उर्फ' होतं, त्यांनी कोठडी वाढवली. तिसऱ्या दिवशी देवासचा फिर्यादी आला. त्याने संताजीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला की हा नव्हेच, आमचा मालोजी पन्नाशीचा आहे आणि बुटका आहे. संताजी तिशीतला, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा. त्याला सोडून दिलं. माफी कुणी मागितली नाही. चहा पिऊन जा, एवढं मात्र हवालदार म्हणाला.

सुटला म्हणजे संपलं, असं गल्लीला वाटलं. संपलं कुठे? संताजी पंपांच्या कारखान्यात फिटर होता आणि पाडव्यापासून त्याला मिस्त्री करायचं ठरलं होतं. मालकांनी त्याला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की कोर्टाचा काही लेखी कागद आण, तोवर घरीच बस. ठाण्यात गेला तर तिथे उत्तर मिळालं की एकदा लिहिलेली नोंद पुसता येत नाही. म्हणजे संताजी सुटला, पण रजिस्टरात तो मालोजीच राहिला. उद्या पुन्हा कुठल्या मालोजीचं वॉरंट निघालं की पुन्हा हातात दोरी आणि पुन्हा गल्लीतून वरात.

शेजारच्या गंगूबाईंपासून सगळ्यांचा सल्ला एकच होता, पुलिसवाल्यांशी कशाला उलझायचं, जाऊ द्या. संताजीही खचला होता. जनाबाई मात्र हटून बसल्या. त्यांच्या छातीवर धोंडा होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्यांनी लेकाला ओढतच तुकोगंजात मुळ्ये वकिलांकडे नेलं.

मुळ्ये वकील तपकीर ओढत, शिंकत, पण बारकाईने ऐकणारे. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे तक्रार करता येईल, पण चौकशी त्यांचेच लोक करणार. बेकायदा डांबून ठेवलं म्हणून फौजदारी करता येईल, पण हवालदार सरकारी माणूस, त्याला आधी सरकारची मंजुरी लागते आणि ती मिळेपर्यंत संताजीचे केस पिकतील. तिसरी वाट दिवाणी दाव्याची. आधी सरकारला नोटीस, मग दोन महिने थांबायचं आणि वर्षाच्या आत दावा लावायचा.

"ही वाट लांबची आहे," ते म्हणाले, "पण हिच्यात संताजी हा मालोजी होता की नव्हता, याचं उत्तर कोर्टाला स्वतः द्यावं लागतं. ते म्हणतील नेकनीयतीने, म्हणजे प्रामाणिक समजुतीने पकडलं. त्यांची नेकनीयत आपण मोडून काढायची."

नोटिशीला उत्तर आलं आणि संताजीने ते घरी मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की आरोपीच्या माताजींनी स्वतः हात दाखवून त्याची ओळख पटवली. वाचता वाचता संताजी थांबला. सून प्रेमलता चुलीपाशी होती, तिने मान वर केली. जनाबाईंना आत्ता भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं, तो हात, तो फोटो, तोंडातच राहून गेलेलं वाक्य. संताजी उठून आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, हेच कोर्टात सांग. एवढंच सांग."

साक्षीचा दिवस उजाडला. जनाबाई धुवट लुगडं नेसून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली. कारकुनाने विचारलं, पति का नाम? जनाबाई गप्प. त्याने पुन्हा विचारलं. त्यांची नजर जमिनीवर. समोरचे सरकारी वकील हसले आणि म्हणाले की हुजूर, ज्या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तिच्या साक्षीवर किती विसंबायचं याचा विचार व्हावा.

ते हसणं जनाबाईंना झोंबलं. असंच गप्प राहून आपण पोराचे हात बांधू दिले, आणि आज पुन्हा तेच करतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर केली.

"मालोजी," त्या म्हणाल्या. मग कारकुनाकडे वळून पूर्ण नाव घेतलं. "मालोजी रायाजी कदम. होळकरांच्या रिसाल्यात दफेदार होते. तेव्हा त्यांना वारून नऊ वर्षं झाली होती. मी त्यांचं नाव घेत नव्हते, म्हणून त्या दिवशी हात केला. फोटोकडे केला, साहेब. मुलगा खाली बसला होता, त्याच्याकडे नाही."

न्यायाधीश जबलपूरकडचे, म्हातारे, शांत गृहस्थ होते. मुळ्यांनी सगळं हिंदीत करून सांगितल्यावर ते म्हणाले, "माताजी, हाथ कैसे किया था, वैसा ही करके बताइए।"

जनाबाईंनी हात उचलला, अगदी त्या दुपारी उचलला होता तसा. बोट गेलं न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे. तिथे राष्ट्रपित्याची तसबीर होती आणि तिला सुताचा हार होता. तसबिरीच्या बरोबर खाली न्यायाधीश बसले होते.

मुळ्ये वकील हळूच उठले. नाक पुसलं. "हुजूर, हवालदार साहब की नेकनीयत से देखें, तो माताजी ने अभी आपको पकड़वा दिया।"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी मागे वळून तसबिरीकडे पाहिलं, मग हाराकडे, आणि तेही हसले. मग हसू आवरून त्यांनी हवालदाराला दोनच गोष्टी विचारल्या. वॉरंटात 'उर्फ' होतं का? नव्हतं. वॉरंटात वय काय लिहिलं होतं? पन्नास. हवालदाराने ही उत्तरं इतक्या हळू दिली की कारकुनाला ती दोनदा विचारावी लागली.

निकाल त्या वर्षीच्या दिवाळीआधी लागला. सरकारला कोर्टाने मोकळं सोडलं, पण हवालदारावर भरपाई बसवली. समोर लिहिलेलं वय न वाचता, जिवंत माणसाचं सांगणं न ऐकता, मनानेच नाव जोडणं याला नेकनीयत म्हणता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. आणि ज्या ओळीसाठी सगळा खटाटोप केला होता तीही निकालात होती. संताजी मालोजी कदम हा मालोजी कदम नाही व कधीही नव्हता. संताजीने नकलेचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी तो चष्मा लावून वाचला आणि सोमवारपासून ये म्हणाले, मिस्त्री म्हणूनच. कारखान्यातल्या फिटरांनी "क्या बात है भिया" करत त्याला खांद्यावर घेतलं. जनाबाई त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटत फिरल्या.

गंगूबाईंनी पेढा घेताना हळूच विचारलं, खरंच नाव घेतलंत का हो, भर कोर्टात?

घेतलं की, जनाबाई म्हणाल्या, आणि कोर्टाचं छप्पर अजून जागेवर आहे.

पुढे महिन्याभरात, असाच एक रविवार, अशीच भरदुपार. दारात एक नवा शिपाई उभा राहिला. ठाण्याच्या रजिस्टरातली नोंद निकालाप्रमाणे दुरुस्त झाली होती, तिची नक्कल पोचवून सही घ्यायची होती. त्याने दारावरची पाटी वाचली आणि जनाबाईंना विचारलं, "मालोजी कदम किधर है?"

प्रेमलताचा हात वाढता वाढता थांबला. जनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दाराची चौकट अडवून उभ्या राहिल्या.

"मालोजी कदम माझे मालक," त्या म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "ते वर, फोटोत. खाली जेवतोय तो संताजी, माझा मुलगा. आता वाचा काय लिहिलंय ते. जोर से।"

शिपायाने वाचलं. त्यांनी त्याच्याकडून ते पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि मग सही करायला संताजीला हाक मारली.